पोर्तुगालला निघालात? घाई घरीच ठेवा!

युरोपची सहल ठरली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती देश करणार?’’ बारा दिवसांत आठ देश, असं उत्तर आलं की ऐकणाऱ्याची मान समाधानाने डोलते. पैसे वसूल! प्रत्यक्षात होतं काय? पहाटे साडेपाचला उठायचं, बॅगा बसच्या पोटात ढकलायच्या, दुपारी एका देशात जेवायचं आणि रात्री दुसऱ्याच देशात अंग टाकायचं. घरी परतल्यावर मोबाइलमधल्या फोटोतला पूल नेमका कुठल्या गावचा, यावरून नवरा-बायकोत वाद रंगतो. आजोबांना तर फक्त बसची खिडकी आठवत असते!

मध्यमवर्गीय घरात अशी सहल दर वर्षी होत नाही. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, कुणाचं तरी आजारपण या सगळ्यातून पाच-सात वर्षं बाजूला टाकलेले पैसे त्यात जातात. आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांची ती बहुधा एकुलती एक युरोपवारी असते. म्हणूनच आठ देशांना नुसते हात लावून येण्यापेक्षा एकच देश निवडावा आणि तो सावकाश पाहावा, हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

एकच देश निवडायचा, तर पोर्तुगालचं नाव यादीत वर ठेवायला हरकत नाही. क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. पश्चिमेला आणि दक्षिणेला अटलांटिक महासागर. जुने किल्ले, मठ, राजवाडे आणि मोठ्या शहरांना जोडणारी रेल्वे. शिवाय मराठी माणसाला या देशाची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. वसई, चौल, मुंबई, गोवा ही नावं त्यांच्या इतिहासात आहेत आणि त्यांची नावं आपल्या. त्या इतिहासात गोडवा कमी आणि जखमा जास्त, म्हणून या सहलीची तयारीही थोडी वेगळी हवी.

कधी जावं?

आपली उन्हाळी सुट्टी आणि पोर्तुगालचा चांगला हंगाम यांचं छान जुळतं. मे महिन्यात लिस्बनला दुपारचं तापमान साधारण २२-२३ अंश असतं. महिनाअखेरीस रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी समुद्रावरून गार वारा सुटतो, तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत एक पातळ स्वेटर किंवा जर्किन हवंच.

जुलै-ऑगस्टमध्ये निम्मा युरोप सुट्टीसाठी किनाऱ्यांवर लोटतो. हॉटेलांचे भाव चढतात, आतल्या भागात ऊन चाळिशीला टेकतं आणि जंगलांना वणवे लागतात. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी असते, पण तिथला पावसाळा आपल्या उलट! नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तिथले पावसाचे महिने, त्यामुळे ऑक्टोबर सरताना छत्री लागू शकते.

शाळेचं बंधन नसलेल्या जोडप्यांनी जूनचा विचार करावा. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अँतोनिओचा उत्सव असतो, गल्लीगल्लीत निखाऱ्यावर तारले भाजले जातात. २३ जूनच्या रात्री पोर्तो शहरात संत जॉनचा उत्सव असतो. त्या रात्री अनोळखी माणसंही एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे मारतात, आणि कुणी रागावत नाही!

कागदपत्रांचं गणित

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस अर्ज करता येतो. मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर व्हिसा केंद्रांवर झुंबड उडते, त्यामुळे चार माणसांच्या कुटुंबाने निदान दोन-अडीच महिने आधी वेळ घ्यावी. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा. जून २०२४ पासून व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखालच्यांना माफ आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पोर्तुगालला जोडून स्पेनही करायचा असेल, तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. आजी-आजोबांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधीच्या दुखण्यावरचा खर्च विम्यात धरला आहे का, ते बारीक अक्षरांत वाचून घ्यावं. गोळ्या पुरेशा न्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह जवळ ठेवावी. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे पहिल्या विमानतळावर रांगेत वेळ जाऊ शकतो. पुढचं विमान तासाभरात पकडायचं असेल, असं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

तीन मुक्काम, तेरा रात्री

बहुतेक प्रवाशांना दुबई, इस्तंबूल, पॅरिस किंवा फ्रँकफुर्टसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. दोन आठवड्यांची सहल असेल, तर उत्तरेला पोर्तोत उतरायचं आणि लिस्बनहून परतायचं, असं तिकीट पाहावं. त्यामुळे त्याच रस्त्याने मागे येण्याचा एक दिवस वाचतो.

आखणी साधी आहे. पोर्तोत चार रात्री, लिस्बनमध्ये पाच, दक्षिण किनाऱ्यावर लागुश गावात तीन आणि विमान पकडण्याआधी पुन्हा लिस्बनमध्ये एक. मुक्काम फक्त तीन गावांत. बाकीची ठिकाणं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची. बॅग भरण्या-उघडण्यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, हे घरातल्या बाईला वेगळं सांगायला नको!

पोर्तो ते लिस्बन जलद गाडीने सुमारे तीन तास. तिकिटं साधारण दोन महिने आधी विक्रीला येतात आणि लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना तिथल्या सरकारी रेल्वेत निम्मं तिकीट लागतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. लिस्बनहून लागुशला जाताना तूनेश स्टेशनवर गाडी बदलावी लागते. हा प्रवास चार तासांचा. थेट बसही मिळते.

हॉटेल ठरवताना दोनच प्रश्न विचारावेत. स्टेशन किंवा मेट्रो किती लांब? आणि लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींत चार-चार मजले अरुंद लाकडी जिने असतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना खिडकीतून नदी दिसण्यापेक्षा लिफ्ट महत्त्वाची!

पोर्तो : नदीकाठचं गाव

दोरू नदीच्या मुखाशी डोंगरउतारावर वसलेलं हे शहर पायीच पाहावं. साओ बेंतो रेल्वे स्टेशनच्या दालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगालचा इतिहास चितारला आहे. अशा फरशा सुमारे वीस हजार! पुढे नदीवर १८८६ सालचा दुमजली लोखंडी पूल आहे. त्याचा आराखडा करणारे तेओफिल सेरिग हे एके काळी आयफेल यांचे भागीदार होते. वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते, खालून मोटारी, आणि माणसं दोन्हीकडून.

पलीकडच्या काठावर पोर्ट वाइनची तळघरं आहेत. द्राक्षं नदीच्या वरच्या खोऱ्यात पिकतात. रस आंबत असताना त्यात ब्रँडी घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि गोडी टिकून राहते. ज्यांना प्यायचं नाही त्यांनी नदीत उभ्या असलेल्या जुन्या मालवाहू होड्या पाहाव्यात आणि सहा पुलांखालून फिरवून आणणाऱ्या बोटीत बसावं. मुलांना हेच जास्त आवडतं.

इथून एक दिवस कोइंब्राला द्यावा. तिथलं विद्यापीठ १२९० सालचं. ते आधी लिस्बनमध्ये सुरू झालं आणि १५३७ पासून कोइंब्रात स्थिरावलं. विद्यापीठाच्या अठराव्या शतकातल्या ग्रंथालयात रात्री वटवाघळं फिरतात आणि पुस्तकं कुरतडणारे किडे खाऊन टाकतात. संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालायची आणि सकाळी साफ करायची, असा तिथला रिवाज आहे. ही गोष्ट ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले नाहीत तरच नवल.

लिस्बन : भूकंपातून उठलेली राजधानी

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्चमध्ये गर्दी आणि मेणबत्त्या पेटलेल्या. अशात मोठा भूकंप झाला. लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर समुद्राच्या लाटा आत शिरल्या. उरलेलं शहर आगीने जाळलं. पुढे पोंबाल या कर्तबगार, पण तितक्याच कठोर मंत्र्याने शहराचा मधला भाग सरळ रस्त्यांनी नव्याने उभारला. घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे बसवले, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर भिंत लवेल पण कोसळणार नाही. हा ‘बाइशा’ भाग आणि त्याच्या डोक्यावर छप्पर नसलेला कार्मो मठ, एवढं पाहिलं की भूकंपाची कथा मुलांना पुस्तकाशिवाय कळते.

लिस्बन चढउतारांचं शहर आहे. पदपथ छोट्या गुळगुळीत दगडांचे, पाऊस पडला की निसरडे. नव्या चपला घरीच ठेवाव्यात आणि पकड असलेले जुने बूट न्यावेत. प्रसिद्ध २८ नंबरची ट्राम मजेदार आहे, पण त्यात खिसेकापूही तितकेच हौशी! सकाळी लवकर बसावं, पर्स पोटाशी धरावी. चढणीवरच्या जुन्या केबल गाड्यांपैकी ग्लोरिया या गाडीला ३ सप्टेंबर २०२५ रोजी अपघात होऊन १६ जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे अशा गाड्यांवर बेत न आखता मेट्रो, बस आणि टॅक्सी धरूनच दिवस ठरवावा.

लिस्बनहून सिंत्रा हे डोंगरातलं गाव लोकल गाडीने पाऊण तासावर आहे. तिथल्या रंगीत पेना राजवाड्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच काढावं. त्याच दिवशी बसने काबो दा रोका या टोकावर जाता येतं. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं हे सर्वांत पश्चिमेचं टोक. पुढे अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी.

एक दिवस आपल्या बाजूने

लिस्बनच्या पाच दिवसांतला एक दिवस मात्र वेगळा राखून ठेवावा, आणि त्याची तयारी घरातूनच करून जावी.

बेलेम भागातून पोर्तुगीज जहाजं निघत. वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये इथूनच निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागला. तिथला जेरोनिमोस मठ १५०१ पासून बांधायला घेतला, तो मसाल्यांच्या व्यापारावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के करातून. आत गामाची कबर आहे. हा माणूस १५२४ साली कोचीत वारला आणि त्याचे अवशेष नंतर मायदेशी नेण्यात आले. जवळच नदीत बेलेमचा बुरूज आहे. २०२५ मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. अशी कामं तिथे नेहमीच निघतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. काठावर १९६० साली उभारलेलं दर्यावर्दींचं भव्य स्मारक आहे आणि समोरच्या फरसबंदीवर जगाचा नकाशा. कुठल्या सागरावर पोर्तुगीज जहाज कधी पोचलं, त्याचे आकडे त्यावर कोरले आहेत.

हे सगळं देखणं आहे, यात शंका नाही. पण मुलांनी तिथे ‘शोध लागला’ एवढंच ऐकून परतू नये. ज्याचा शोध लागला तो देश आधीपासून नांदता होता! १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतलं. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन आलं. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्या विजयाची खूण मानली जाते. मुंबईचं बेट तर १६६१ च्या विवाह-तहात राजकन्या कॅथरिनबरोबर इंग्रजांच्या राजाला आंदण गेलं. हे चार-पाच सनांचं टिपण आई-वडिलांनी खिशात ठेवावं आणि त्या दगडी नकाशावर उभं राहून मुलांना सांगावं. शाळेच्या पुस्तकातला इतिहास तिथे पायाखाली येतो.

बेलेमवरून पुढे समुद्राच्या कडेने कास्कायशला जाणारी लोकल फार सुंदर आहे. खिडकीतून सारखा समुद्र दिसतो. वाटेत काशियास नावाचं साधं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात एक मराठी माणूस कैदी होता. सांगलीचे मोहन रानडे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेलेले रानडे आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झालं, तरी रानडे आतच! त्यांची सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. त्या स्टेशनवर उतरायची गरज नाही. गाडी थांबते त्या अर्ध्या मिनिटात एवढं नाव मुलांच्या कानावर घातलं, तरी पुष्कळ.

ज्यांना अजून एक दिवस देता येईल त्यांनी पेनिशला जावं. लिस्बनहून बसने दीड-पावणेदोन तास. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं हे आवडतं गाव. गावाच्या टोकाला खडकावर समुद्री किल्ला आहे. हुकूमशहा सालाझारच्या काळात तिथे राजकीय कैदी ठेवत. १९४६ च्या जूनमध्ये राममनोहर लोहियांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकली आणि त्यानंतर गोमंतकातल्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि याच पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही पोर्तुगालला धाडण्यात आलं.

याच किल्ल्यात पोर्तुगालचे स्वतःचे लोकही सडत होते. सालाझारला विरोध करणारे कामगार, लेखक, कम्युनिस्ट. ३ जानेवारी १९६० रोजी आल्व्हारो कुन्याल आणि त्यांचे साथीदार तिथून निसटले, ती पलायनकथा पोर्तुगालमध्ये आजही सांगतात. शेवटी २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांच्या उठावाने हुकूमशाही कोसळली. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. त्याच वर्षी डिसेंबरात नव्या पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. किल्ल्यात एप्रिल २०२४ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

म्हणजे ज्या राजवटीने गोमंतकीयांना डांबलं, तिने आपल्याच माणसांनाही त्याच भिंतींआड ठेवलं होतं. हे एकदा मुलांना कळलं, की राग कुणावर धरायचा आणि हात कुणाशी मिळवायचा यातला फरकही कळतो. २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियो कोश्ता यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. इतिहास असाही वळतो!

लागुश : सागराचे तीन दिवस

दक्षिणेच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावर पिवळ्या कड्यांमध्ये दडलेल्या छोट्या छोट्या पुळणी आहेत. लागुशजवळच्या पोंता दा पिएदाद इथे होडीतून खडकांच्या कमानींखालून फिरता येतं. इथे रोज एकच काम ठेवावं. बाकी वेळ वाळूत बसावं.

मात्र हा अरबी समुद्र नव्हे! अटलांटिकचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. पुळणीवर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. हिरव्याला पोहता येतं, पिवळ्याला फक्त कडेला उभं राहावं. जीवरक्षक फक्त पोहण्याच्या हंगामात असतात. कड्याच्या सावलीत चटई पसरण्याचा मोहही टाळावा. ऑगस्ट २००९ मध्ये याच किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जणांचा बळी गेला होता.

लागुशच्या चौकात एक छोटं संग्रहालय आहे. १४४४ साली आफ्रिकेतून जहाजाने आणलेल्या गुलामांना याच गावात उतरवून वाटून घेतलं होतं. अर्ध्या तासात ते पाहून होतं. सुट्टीच्या गावाचीही एक जुनी बाजू असते, हे मोठ्या मुलांना जरूर दाखवावं.

पोटोबाचं काय?

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. खारवलेला कॉड मासा हा तिथला राष्ट्रीय लाडका. ताजे तारले, कालवं, कोळंबी सगळीकडे मिळतात. शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावं. हिरव्यागार कोबीच्या सूपमध्येही सॉसेजची चकती तरंगत असते. ‘मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही’ हे वाक्य पोर्तुगीजमध्ये कागदावर लिहून वेटरला दाखवणं उत्तम. लिस्बनच्या मार्तिम मोनिझ भागात भारतीय किराणा आणि खानावळी आहेत. शहरात राधाकृष्णाचं मंदिरही आहे. तिथला गुजराती समाज बहुतांशी दीवचा, मोझांबिकमार्गे आलेला.

कॅफेत ‘शामुसा’ दिसला तर तो आपलाच समोसा. फक्त आत काय आहे ते विचारून घ्यावं. बेलेममध्ये १८३७ पासून विकली जाणारी कस्टर्डची छोटी टार्ट खाल्ल्याशिवाय कुणी परतत नाही. त्यात अंड्याचा बलक असतो, हे अंडं न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते पाहुणचाराचं नसतं, त्याचे पैसे लागतात! नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, कुणी वाईट वाटून घेत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, त्यामुळे बाटल्यांवरचा खर्च वाचतो. लिस्बनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून १३ वर्षं आणि त्यावरील प्रत्येक पाहुण्याला एका रात्रीमागे ४ युरो कर द्यावा लागतो. हा कर सलग सात रात्रींपर्यंतच असतो. हॉटेलच्या भावात तो बहुधा धरलेला नसतो, हिशेबात आपणच धरावा. अडीअडचणीला ११२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

घरची बैठक

तिकिटं काढण्याआधी एका रविवारी सगळ्यांनी एकत्र बसावं. प्रत्येकाने कागदावर एकच गोष्ट लिहायची, जी पाहिल्याशिवाय आपल्याला परतायचं नाही. आजीने चर्चमधली कोरीव कामं लिहिली असतील, आजोबांनी पेनिशचा किल्ला, मुलीने समुद्र आणि मुलाने फुटबॉलचं मैदान. त्या प्रत्येक चिठ्ठीला अर्धा दिवस द्यायचा. तो दिवस त्या माणसाचा. इतरांनी कुरकुर करायची नाही. शिवाय दर तीन दिवसांनी एक दुपार पूर्ण मोकळी. कुणी झोपेल, कुणी चौकात बसून माणसं पाहील. यादीतलं काही राहून गेलं, तर खुशाल राहू द्यावं.

चिठ्ठ्या झाल्या की मुलांना एक खेळ द्यावा. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेलं, मेस्त्री, हापूस... पोर्तुगीजांच्या संगतीने मराठीत आलेले असे शब्द कोण जास्त जमवतो ते पाहावं. तुरुंग हा शब्दही त्यांच्याकडूनच आला असं मानतात! जमवलेली यादी बरोबर न्यावी आणि तिथल्या बाजारात, पाट्यांवर शोधावी. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचं आणि बाईने ‘ओब्रिगादा’. या एका शब्दाने दुकानदाराचा चेहरा उजळतो.

आणि दिवसभर पायपीट करून दमलेल्या आजींना कॅफेत चहा हवा असेल, तर इंग्रजीची गरज नाही. तिथे चहाला ‘शा’ म्हणतात. दूध मात्र वेगळं मागावं लागेल, आणि आल्याची पूड घरूनच न्यावी!